छावणी घोळाण्याची जन्मनोंद

पुण्याच्या वकिलाचं पत्र सिंधुबाईंच्या हातात पडलं ते मंगळवारी, आणि मंगळवारीच ते शहादेव मास्तरांच्या ओसरीवर पोहोचलं. गावात पत्र कोणालाही येवो, वाचायचं मास्तरांनी. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण गावाने त्यांना अजून निवृत्त केलेलं नव्हतं. पत्र वाचायची त्यांची एक पद्धत होती. आधी चष्मा पुसायचा, मग तारीख मोठ्याने वाचायची, मग लाल पेनाने मजकुरातल्या चुका दुरुस्त करायच्या, आणि एवढं झाल्यावर आत काय लिहिलं आहे ते समोरच्याला सांगायचं. त्यामुळे मयताची खबरसुद्धा या ओसरीवर शुद्ध होऊनच कळत असे.

या पत्रात मात्र लाल पेनाला काहीच काम मिळालं नाही. एकही चूक नाही, हे पाहूनच मास्तरांना जरा दडपण आलं. मजकूर तर त्याहून वाईट होता. पुण्यातल्या एका व्यापाऱ्याने 'छावणी' हे नाव आपल्या नावावर नोंदवायला अर्ज केला होता. २०१५ सालापासून आपण हे नाव वापरतो, असं त्याचं म्हणणं. सिंधुबाईंच्या संस्थेचा वापर त्याच्याआधीचा असेल तर तो तीस दिवसांत कागदोपत्री दाखवावा, नाही तर बाटलीवरचं नाव काढून टाकावं.

बाटली होती घोळाण्याची. घोळाणा म्हणजे काय, हे आपल्याकडच्या मुलांना सांगायला नको. पण ज्यांनी कधी खाल्ला नाही त्यांच्यासाठी एकदा सांगून टाकू. कच्ची मेथी, कांद्याची पात, काकडी, असलं जे हाताशी असेल ते चिरायचं, त्यावर तेल, मीठ, तिखट, आंबट घालायचं आणि हाताने घोळायचं. शिजवायचं काही नाही. भाकरीबरोबर ताटभर जातो. हे वरून घालायचं तेल-आंबट गावातल्या बेचाळीस बायकांची सहकारी संस्था बाटलीत भरून विकत होती. करडीचं तेल, चिंचेचा कोळ, गूळ, जवसाची पूड, लसूण, हिरवी मिरची. बाटलीवर बैलाचं चित्र आणि खाली 'छावणी' हे नाव. पुण्या-मुंबईच्या दुकानांत ती परदेशी सॅलड ड्रेसिंगच्या रांगेत उभी असे आणि त्या रांगेतली तीच एक संपे, असं सिंधुबाई सांगत. त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या, म्हणून थोडं कमी करून घ्यायला हरकत नाही. पण संपत होती हे खरं.

"मास्तर, नाव ऱ्हातंय का जातंय, तेवढं सांगा," सिंधुबाई म्हणाल्या. "नाव गेलं तर बाटली कोण घेतंय? मंग आमी बेचाळीस जणी हायच पुन्ना कोयते घेऊन ऊसतोडीच्या ट्रकात."

मास्तरांनी पत्राची घडी घातली आणि चौथीच्या वर्गाला धीर देत त्या आवाजात सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही. प्रश्न अगदी सोपा आहे. घोळाणा पहिल्यांदा कोणी केला, कधी केला, कुठे केला. एका वाक्यात उत्तर. संध्याकाळपर्यंत होऊन जाईल.

हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं त्याला साक्षीदार होते शेजारचे आप्पा. आप्पांनी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली होती आणि महाराष्ट्रातलं प्रत्येक सरकारी कार्यालय कुठल्या थांब्यावर उतरून गाठायचं ते त्यांना पाठ होतं. कार्यालयात काय काम चालतं ते ठाऊक नव्हतं, पण थांबा चुकत नसे. ते म्हणाले की संध्याकाळ कोणत्या महिन्यातली, तेवढं मास्तरांनी ठरवून घ्यावं.

मास्तरांनी नवी वही काढली, रकाने आखले आणि घरोघर फिरायला लागले. पहिला रकाना अनुक्रमांक, दुसरा नाव, तिसरा 'पदार्थ प्रथम कोणी केला', चौथा शेरा. दोन दिवसांत बेचाळीस घरं झाली आणि तिसऱ्या रकान्यात एकोणीस वेगवेगळी उत्तरं जमली. कोणी म्हणालं, ही आपल्या आजीची रीत. कोणी म्हणालं, हे आपलं चालतच आलंय, त्याला कोण करणार. तुळजाबाईंनी तर मास्तरांना पाटावर बसवून सविस्तर सांगितलं की हा घोळाणा नांदूरघाटच्या त्यांच्या सासूबाईंचा. सासूबाईंच्या हाताला अशी चव होती की पंगतीत लोक भाजी मागायच्या आधी घोळाणा मागत. मास्तरांनी सगळं लिहून घेतलं आणि सहज विचारलं की सासूबाई कोणत्या साली वारल्या. तुळजाबाईंनी साल सांगितलं. मग त्यांचं लग्न कोणत्या सालचं, ते विचारलं. तेही त्यांनी सांगितलं. वजाबाकी करता सासूबाई सुनेच्या लग्नाआधी अकरा वर्षं वारलेल्या निघाल्या. तुळजाबाई म्हणाल्या, मास्तर, चहा गार होतोय.

मास्तरांना एका गोष्टीचं मात्र कुतूहल वाटलं. बायका बोलत सगळ्या, पण 'छावणीत नेमकं काय झालं' असं विचारलं की एकदम कोणाला तरी चुलीवरचं दूध आठवे. त्या साली गावात दूध फार नव्हतं.

छावणी ती दोन हजार तेराच्या दुष्काळातली. विहिरींचे तळ दिसायला लागले तेव्हा तलवाड्याच्या वाटेवर माळरानात जनावरांची छावणी उघडली होती आणि चार महिने आठ-दहा गावं गुरांसह तिथेच राहायला होती. घोळाणा तिथे जन्मला, नाव तिथून आलं, याबद्दल दुमत नव्हतं. पण कोणाच्या हातून, ते कोणी सांगेना. "सगळ्यांनी मिळून केला," एवढंच सिंधुबाई म्हणाल्या आणि मास्तरांच्या वहीकडे न बघता पदर सारखा करायला लागल्या.

मग कार्यालयं सुरू झाली. गेवराईत सहकार खात्यातल्या साहेबांनी सांगितलं, संस्था आमची पण नाव आमचं नाही. उद्योगवाल्यांनी सांगितलं, नाव आमचं, पण पदार्थ खाण्याचा आहे. खाण्याच्या खात्यातल्या बाईंनी बाटली उघडून वास घेतला, छान आहे म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाटली अर्धी झालेली होती आणि बाई म्हणाल्या की आमच्याकडे सालाचा पुरावा नसतो, आमच्याकडे फक्त स्वच्छतेचा असतो. प्रत्येक ठिकाणी मास्तर आपली ओळख 'निवृत्त मुख्याध्यापक' अशी करून देत आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना 'काका, तिकडे बसा' असं सांगण्यात येई. ज्या माणसाने चाळीस वर्षं लोकांना तिकडे बसवलं, त्याला हे सोसायला जड गेलं.

शेवटी बीडला एका तरुण वकीलबाईंनी त्यांना नीट समजावून दिलं. इतकं नीट, की मास्तर आपलं काम विसरून तिची शिकवण्याची पद्धतच पाहत बसले. ती म्हणाली, संस्थेची पहिली बिलं २०१७ ची आहेत. ती इथे चालणार नाहीत. २०१५ च्या आधीचा कुठलाही कागद आणा, ज्यात पदार्थ, नाव, करणारी व्यक्ती आणि विक्री, चारही गोष्टी असतील. आणि त्या व्यक्तीचं सही केलेलं शपथपत्र. मग कोणी हात लावू शकणार नाही. मास्तरांनी तिला उत्तीर्ण केलं, म्हणजे मनात, आणि परतीच्या बसमध्ये आप्पांना सांगितलं की छावणीची नोंदवही मिळाली पाहिजे.

नोंदवही राधाकिशनरावांकडे. छावणी त्यांनीच चालवली होती. गावचे पुढारी, दिवाणखान्यात तीन सोफे आणि चौथ्याची जागा मोकळी. त्यांनी चहा मागवला आणि ऐकून घेतलं.

"छावणी कुणाची व्हती? आमची," ते शांतपणे म्हणाले. "मंग छावणीतली बाटली कुणाची? सरळ हाय का न्हाई, मास्तर?"

मास्तरांनी तेवढ्याच शांतपणे विचारलं की शाळेत मूल हुशार निघालं तर ते मुख्याध्यापकाचं होतं का. राधाकिशनराव हसले. माणूस तसा दिलदार होता. वहीला वाळवी लागली, म्हणाले, पुठ्ठा तेवढा शिल्लक आहे. पण आपण लेटरहेडवर दाखला देतो, तारीख पाहिजे ती टाकू, फक्त बाटलीवर बैलाच्या जागी आपला फोटो घ्यावा. सिंधुबाईही सोबत आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "बैलानं काय वाईट केलंय?" आणि मंडळी उठली.

दुसरी प्रत तहसील कचेरीत असणार होती. असणारच होती, पण अभिलेखांच्या खोलीची किल्ली ज्या कारकुनाकडे, तो निवडणुकीच्या कामावर गेला होता आणि किल्ली त्याच्या खिशात त्याच्याबरोबर निवडणूक करत होती. हे ऐकून मास्तर कचेरीच्या पायरीवर बसले. निवडणुकीचं काम, जनगणनेचं काम, पोलिओचं काम, शौचालयं मोजायचं काम. आपणही चाळीस वर्षं अशाच कोणाकोणाच्या किल्ल्या खिशात घेऊन फिरलो असू, असं त्यांच्या मनात आलं. एका उन्हाळ्यात तर आपल्याला गुरांच्या...

ते उठून उभे राहिले. दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात सरकारने शहादेव मास्तरांना त्याच छावणीवर निरीक्षक नेमलं होतं. गुरांची हजेरी त्यांनीच घेतली होती. नोंदवही त्यांच्याच अक्षरात होती. आणि नियमाप्रमाणे ती त्यांनी तीन प्रतींत लिहिली होती. एक छावणीला, एक तहसीलला, एक निरीक्षकाला.

आता कोणी विचारेल, स्वतःच्या हाताने लिहिलेलं माणूस विसरतो कसा. तर त्याचं असं आहे की काही माणसं लक्षात राहावं म्हणून लिहितात आणि काही माणसं लिहिलं की मोकळी होतात. एकदा शेरा मारला की मास्तरांच्या लेखी ती गोष्ट जगातून निकाली निघत असे.

तिसरी प्रत घरातच होती. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खाली जी पत्र्याची पेटी होती, तिच्यात. पेटीवर मालनबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीने, पाण्याचा निळा ड्रम ठेवला होता. दोनशे लिटरचा. उंचावर ठेवला की तोटीखाली घागर बसते म्हणून. आणि आठ दिवसांनी येणारा टँकर आदल्याच दिवशी येऊन गेला होता. ड्रम काठोकाठ भरलेला होता.

मास्तरांनी ड्रमला हात लावला तशा मालनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"एक तांब्या जरी सांडला ना," त्या म्हणाल्या, "तर मी माहेरी जाईन. आन माहेरी बी पाणी न्हाई, ह्ये ध्येनात ठेवा."

भरलेला ड्रम उचलायचा तर पाच माणसं पाहिजेत, आणि गंजलेली पेटी त्यांच्यादेखत चेपून जायची भीती. ओतून द्यायचा तर प्रश्नच नाही. त्या साली गावात लोक चूळसुद्धा झाडाच्या बुडाशी भरत. आठ दिवस पाणी वापरून ड्रम रिकामा होऊ द्यावा, तर तीस दिवसांतले एकवीस गेलेले. गल्ली जमली आणि सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं पेटी खालून कापा. कोणी म्हणालं पाहुणे बोलवा, पाणी आपोआप संपतं. आप्पांनी रबरी नळी आणली आणि एसटीचं डिझेल कसं काढतात ते दाखवायला नळीचं टोक तोंडात धरून दम ओढला. पाणी आलं, पण ते आप्पांच्या पोटात गेलं, आणि मालनबाईंनी तेही मनात धरून ठेवलं.

अखेर असं ठरलं की गल्लीतल्या प्रत्येक घराने एक रिकामी घागर आणायची, ड्रममधलं पाणी सांभाळायला न्यायचं आणि ड्रम परत जागेवर बसला की आणून ओतायचं. मालनबाईंनी दारात उभं राहून प्रत्येक घागर किती भरली ते डोळ्यात साठवलं. पाणी परत आलं तेव्हा चौदा घागरींच्या तेरा झाल्या होत्या. ती एक कोणाकडे राहिली, याचा तपास गल्लीत पुढे बराच काळ चालला. पण तो आपला विषय नाही.

पेटी निघाली. वही निघाली. कडक पुठ्ठा, लाल कापडी पाठ, निळी शाई. आपलं अक्षर पाहून मास्तरांची मान आपोआप ताठ झाली. सिंधुबाई, तुळजाबाई आणि आठ-दहा जणी ओसरीवर बसल्या होत्या. आप्पा होते. मास्तरांनी चष्मा पुसला, शेऱ्यांची पानं उलटली आणि एके ठिकाणी 'घोळाणा' हा शब्द दिसताच, आधी मनात वाचून घ्यावं एवढाही धीर न धरता, मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"दिनांक एकोणीस एप्रिल दोन हजार तेरा. सकाळी आठ वाजता पूर्वेकडील कुंपण मोडून सात बैल व दोन म्हशी छावणीबाहेर गेल्याचे आढळले. चौकशी केली असता असे दिसून आले की, शेण काढणारी मजूर महिला जाईबाई ही कुंपणाबाहेर स्वतःची शेळी बांधते. शेळीस नियमाप्रमाणे छावणीत प्रवेश नाही. सदर महिला गुरांनी टाकून दिलेल्या उसाच्या शेंड्याकडील वाढ्यावर चिंच, गूळ, मीठ, करडीचे तेल व जवसाची पेंड यांचे पाणी शिंपडून ते शेळीस घालते. त्या वासाने बैल बेशिस्त होतात."

मास्तरांचा आवाज जरा खाली आला, पण वाचायला घेतलेला उतारा अर्धवट टाकायची त्यांना सवय नव्हती.

"हेच पाणी छावणीतील महिला जाईबाईकडून मागून नेतात व मिरची-लसूण घालून मेथी-कांद्यावर घेतात. त्यास 'छावणी घोळाणा' असे म्हणतात. तलवाड्याच्या आठवडी बाजारात सरबताच्या बाटल्यांतून त्याची विक्री होत असल्याचेही समजले. प्रवेश नसताना शेळी आणल्याबद्दल व गुरांची शिस्त बिघडवल्याबद्दल सदर महिलेस सक्त समज देण्यात आली."

खाली मास्तरांची सही. तिच्या खाली, शेजारी शेजारी न बसणाऱ्या चार अक्षरांत, जाईबाईंची.

चारही गोष्टी होत्या. पदार्थ, नाव, करणारी व्यक्ती, विक्री. वकीलबाईंनी सांगितल्या त्याच. तालुक्यातला कोणताही विद्यार्थी इतकं पूर्ण उत्तर लिहीत नाही. पण मास्तरांचा चेहरा उत्तरपत्रिका परत मिळालेल्या मुलासारखा झाला होता. जाईबाई म्हणजे त्यांच्या चुलतभावाची बायको. याच गल्लीत, चार घरं पलीकडे. नात्यातल्या माणसाला सवलत दिली असं कोणी म्हणू नये, म्हणून त्या दिवशी त्यांनी 'समज'च्या आधी 'सक्त' हा शब्द घातला होता. वहीत समज दिलेल्या बाकीच्या एकसष्ट जणांना साधी समज होती.

"तुम्हाला हे ठाऊक होतं," ते सिंधुबाईंना म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

"सगळ्यांलाच व्हतं," सिंधुबाई म्हणाल्या. "पर पुण्याच्या लोकान्ला काय सांगावं, शेळीसाठी केलतं म्हून? आन तुमाला कावून सांगावं, मास्तर? तुमीच तर समज दिली व्हती तिला."

मास्तरांनी वही मिटली.

मग ओसरीवर चर्चा झाली. तुळजाबाईंचं म्हणणं, पान फाडावं आणि नांदूरघाटच्या सासूबाईच पुढे कराव्यात. कागद नसला तरी अब्रू राहील. ज्यांनी ताटात वाढून घेतलं त्यांना ते आधी शेळीच्या पुढ्यात होतं हे कळलं, तर दुकानातली रांग सुटेल. आप्पांनी मध्यम मार्ग सुचवला की 'शेळी' खोडून 'पाहुणे' लिहावं. मास्तर म्हणाले की खाडाखोड केलेल्या कागदाला कोर्टात गुण मिळत नाहीत. शिवाय, आणि हे बोलताना ते प्रथमच सुट्टीच्या दिवशी भेटलेल्या मास्तरांसारखे वाटले, शिवाय शेळीइतकी चोखंदळ खाणारी जगात कोण आहे. ती जे नाकारते ते नाकारते. तिने होय म्हटलेला पदार्थ शहरात चालला यात नवल ते काय. सिंधुबाई म्हणाल्या की चला, आधी जाईकडे जाऊ. सही तिची पाहिजे.

जाईबाई पंधराच दिवसांपूर्वी ऊसतोडीवरून परतल्या होत्या. अंगणात बसून शेळीच्या पिल्लाला बाभळीच्या शेंगा चारत होत्या. मास्तरांनी वही त्यांच्यापुढे उघडली, नोंद वाचून दाखवली आणि सही कशासाठी पाहिजे ते समजावून सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं की सही केली की नाव कोणाचं होणार. संस्थेचं, मास्तर म्हणाले. मग आपण संस्थेत आहोत का. नाही. का नाही.

हे 'का नाही' फार अवघड निघालं. संस्था नोंदवताना सभासद कोण, हा प्रश्न आला तेव्हा बायकांनी छावणीच्या यादीवरून नावं घेतली होती. ज्यांची जनावरं छावणीत होती त्या सभासद. ती यादी जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांप्रमाणे होती. म्हणजे खरं पाहता संस्थेत बेचाळीस बायका नव्हत्या, बेचाळीस बिल्ले होते, आणि प्रत्येकामागे एक बाई. जाईबाईंच्या शेळीला बिल्ला मिळाला नव्हता. तो मास्तरांनी दिला नव्हता.

"तवा तुमी एवढं सगळं इचारून लिवून घेतलं, भाऊजी," जाईबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "चिंच किती, गूळ किती, बाटली कसली. चाखून कावून न्हाई बघितलं?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. मग म्हणाले, तसा रकाना नव्हता.

जाईबाईंनी दोन अटी सांगितल्या. पहिली ही की उपकार म्हणून नव्हे, तर नियम बदलून त्यांना सभासद करावं, म्हणजे उद्या कोणी काढणार नाही. दुसरी त्या सभेत सांगणार होत्या.

उरले होते आठ दिवस. सर्वसाधारण सभेत 'छावणीत जनावर असणाऱ्या' या शब्दांच्या जागी 'छावणीत राबलेल्या' हे शब्द घालायचा ठराव झाला आणि तो मंजूर करून घ्यायला बायका गेवराईला गेल्या. साहेब म्हणाले, नियमाप्रमाणे वेळ लागेल. बायका व्हरांड्यात बसल्या. दुपारी भाकऱ्या सोडल्या, मेथी चिरली, बाटली उघडली. वास खिडकीतून आत गेला. चार वाजता साहेब बाहेर आले, त्यांना एक भाकरी देण्यात आली आणि पाच वाजता ठरावावर शिक्का पडला. वकीलबाईंकडे कागद पोहोचले ते एकोणतिसाव्या दिवशी. नावाचा निकाल लागायला पुढे चौदा महिने गेले आणि तो संस्थेच्या बाजूने लागला. कोणाच्या जिवाला घोर नको म्हणून हे आत्ताच सांगून ठेवतो.

जाईबाईंनी शपथपत्रावर सही केली ती त्याआधी, शाळेच्या वर्गात भरलेल्या सभेत. ठराव वाचून झाला. त्रेचाळिसावं नाव लिहून झालं. मग त्या उभ्या राहिल्या आणि मास्तरांना म्हणाल्या की दुसरी अट आता सांगते, पेन काढा. संस्थेच्या इतिवृत्ताच्या वहीत एक शेरा लिहायचा आहे. आपण सांगू तसा.

मास्तरांनी पेन काढलं. सगळ्या बायका पुढे सरकल्या. आप्पा खिडकीत होते, ते आत आले.

जाईबाईंनी सावकाश सांगितलं. शहादेव मास्तर यांनी छावणीत जाईबाईचा घोळाणा न चाखताच त्यावर शेरा मारला, असे दिसून आले. त्यापुढे मास्तर लिहीत गेले. अक्षर वळणदार येत होतं. 'सबब त्यांना' इथपर्यंत येऊन ते थांबले. वर न बघता त्यांनी विचारलं, "वहिनी, सक्त समज लिहू?"

जाईबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"साधीच लिवा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "नात्यातले हाव आपून."

मास्तरांनी साधी समज लिहिली आणि खाली सही केली.